गाण्यांची कात्रणे



गाणे दोन ठिकाणी असते. एक गाणाऱ्याच्या गळ्यात आणि दुसरे ऐकणाऱ्याच्या कानात. गळ्यातले गाणे साठवून ठेवण्याची सोय माणसाने फार पूर्वीच केली. आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान यांचा आवाज तबकडीवर उतरला. तेव्हापासून तबकडी, फीत, कॅसेट आणि आता खिशातला मोबाइल, अशी ही वाटचाल चालू आहे. पण कानातले गाणे कुठे ठेवायचे? एखादे गाणे पहिल्यांदा ऐकले तेव्हा लोकांना काय वाटले, कोणी माना डोलावल्या, कोणी नाके मुरडली, तिकीट किती आणे होते, मंडपात बायाबापड्या बसू शकत होत्या की नाही, यांतले काहीच तबकडीत सापडत नाही. ते सापडते छापील कागदावर. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या परीक्षणात, साप्ताहिकातल्या मुलाखतीत, दिवाळी अंकातल्या लेखात, वाचकांच्या पत्रात. आज मला तुमच्याशी या कागदांविषयी बोलायचे आहे. कारण हे कागद आपल्या देखत रद्दीत चालले आहेत.

तुम्ही म्हणाल, गाणे ऐकायला मिळाले म्हणजे झाले. त्यावर कोणी काय लिहिले होते याची उठाठेव कशाला? शंका रास्त आहे. तिचे उत्तर एका उदाहरणाने देतो. बालगंधर्वांची नाट्यगीते आज कोणालाही ऐकता येतात. लहानपणी याच जळगावात त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले, म्हणून आपल्याला त्यांचा जरा जास्तच अभिमान. पण त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात पद बसवायचे म्हणजे लांब ओढणीची शाल रुमालाएवढी घडी करून दाखवण्यासारखे. नाटकगृहात मात्र तेच पद ‘वन्स मोअर’ घेत घेत कितीतरी वेळ चाले. पद किती रंगले, प्रेक्षकांनी कोणत्या जागेला दाद दिली, साथीला ऑर्गनवर कोण होते, हे त्या काळच्या नाट्यपरीक्षणांत वाचले की मगच त्या तीन मिनिटांच्या तबकडीचा खरा अर्थ लागतो. नुसती तबकडी ऐकून नव्या पिढीतला मुलगा विचारील, ‘एवढ्यासाठी लोक रात्र-रात्र जागत होते?’ त्याला उत्तर देणारा साक्षीदार आता हयात नाही. साक्ष आहे ती कागदावर.

परदेशातल्या काही मंडळींना ही गोष्ट वेळीच उमगली. इंग्लंडात ‘मेलडी मेकर’ नावाचे संगीताचे एक नियतकालिक १९२६ साली निघाले आणि २००० साली त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपले. असे जुने अंक एकेक करून नाहीसे होत जाणार हे पाहून २००१ साली लंडनमध्ये बार्नी हॉस्किन्स या लेखकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘रॉक्स बॅकपेजेस’ नावाचा संग्रह संगणकावर उभा केला. लोकप्रिय संगीतावर वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून जे लिहिले गेले, त्यातले हजारो लेख, परीक्षणे आणि मुलाखती तिथे आहेत. विद्यापीठे आणि ग्रंथालये वर्गणी भरून तो संग्रह आपल्या विद्यार्थ्यांना खुला करतात. कोणत्या गायकाबद्दल कोणत्या साली काय लिहून आले, हे क्षणात समोर येते. यात नवल यंत्राचे मुळीच नाही. काल बाजारात गाजलेल्या गाण्यावर घाईघाईने लिहिलेला मजकूरही इतिहासाचे साधन आहे, असे कोणीतरी मानले, हे महत्त्वाचे.

आता आपल्या घरी वळू. मराठीत असे लेखन झाले नाही असे कोणी समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याहून ‘रंगभूमि’ नावाचे मासिक निघत असे. केशवराव भोळे (१८९६–१९७७) यांनी ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या टोपणनावाने आपल्या काळच्या गायक-गायिकांवर लेख लिहिले. हेच भोळे पुढे प्रभात कंपनीत गेले आणि १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाचे संगीत त्यांनी दिले. गोविंदराव टेंबे हे पेटीवादक, ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या. पण लेखणीही त्यांना तितकीच वश होती. १९४७ साली ‘संगीत कला विहार’ हे मासिक सुरू झाले. त्यात प्रा. बी. आर. देवधरांनी थोरामोठ्या गवयांविषयी लिहिले. आणि चित्रपटगीतांच्या बाजूला पाहायचे, तर नाशिकचे ‘रसरंग’ साप्ताहिक आपल्या खान्देशात न्हाव्याच्या दुकानापासून वाचनालयापर्यंत सगळीकडे फिरत असे. इसाक मुजावर यांच्यासारखा जाणता माणूस त्यात लिही. ‘रसरंग’ हातात पडला म्हणजे आधी कोणते पान उघडायचे यावरून घरात भांडणे होत, हे तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

यातले पुस्तकात गेले ते टिकले. भोळ्यांचे लेख पुस्तकरूपाने आले, देवधरांचे आले. पण पुस्तकात जाते ते मोठ्या नावाच्या लेखकाचे आणि मोठ्या नावाच्या गायकाविषयीचे. ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढ्याच सहीने छापून आलेल्या दहा ओळींचे पुस्तक कोण काढणार? आणि नेमक्या त्या दहा ओळींत आपल्या गावाच्या जत्रेतला तमाशा असतो.

या कात्रणांची गरज वाद समजून घेण्यासाठी अधिकच लागते. १९४० साली आकाशवाणीने पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी केली. पेटीचे सूर ठरलेल्या जागी पक्के बसवलेले, त्यातून आपल्या रागांतल्या श्रुती आणि मींड निघत नाही, असा आक्षेप होता. १९७१ नंतर ही बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. म्हणजे तीस वर्षे, ज्या पेटीवर मराठी नाटक आणि गावोगावचे भजन उभे, ती पेटी नभोवाणीवर वर्ज्य! दुसरी गोष्ट. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपल्या मराठी मुलखातले गृहस्थ केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी पुष्कळ केले, पण चित्रपटगीतांवर त्यांची वक्रदृष्टी. ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ दिसेनाशी झाली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. १९५२ च्या अखेरीस तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज खेडोपाडी पोचला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि ती गाणी घरी परतली.

आता एखाद्या शिक्षकाला वर्गात हा प्रसंग समजावून द्यायचा आहे. सरकारी निर्णय कुठेतरी नोंदलेला सापडेल. पण तेव्हा सामान्य माणूस काय म्हणत होता? पेटीवाल्यांचे काय झाले? चित्रपटगीताने पोरे बिघडतात असे म्हणणारे कोण होते आणि त्यांना कोणी काय उत्तर दिले? ही झटापट त्या दिवसांच्या वृत्तपत्रांत आणि वाचकांच्या पत्रव्यवहारात आहे. ते कागद गेले, की उद्याच्या मुलांना वादाचा निकाल तेवढा कळेल. वाद कळणार नाही.

एक गोडही उदाहरण देतो. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडके यांचे. वर्षभर दर आठवड्याला नवे गीत, अशी एकूण छप्पन्न. ऐकणाऱ्यांना शब्द हवेसे झाले, म्हणून पुण्याची दैनिके गीताचे शब्द छापू लागली. पुढे १९५७ साली आकाशवाणीनेच ते पुस्तकरूपाने आणले. ज्या घरांत रेडिओ नव्हता त्या घरांपर्यंत हे काव्य पोचवायला छापील कात्रण उपयोगी पडले. गाणे कानावरून कागदावर आणि कागदावरून पुन्हा ओठांवर, असा तो प्रवास होता.

आता खान्देशकडे येऊ. कागद जपण्याच्या बाबतीत आपला मुलूख मागासलेला कधीच नव्हता. याच जळगावातून नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली ‘काव्यरत्नावली’ काढले. केवळ कवितेला वाहिलेले हे मासिक १९३५ पर्यंत चालले. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या पोराला तिथे ‘बालकवी’ हे नाव मिळाले. धुळ्याकडे पाहा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा करीत. लोक ज्याला जुना कचरा म्हणत त्यातून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड उभे केले. १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यालाच त्यांचे निधन झाले आणि १९२७ साली तिथे राजवाडे संशोधन मंडळ निघाले. त्याच धुळ्यात शंकरराव देवांनी रामदासी संप्रदायाच्या हस्तलिखितांची बाडे जमवली. इतर ठिकाणच्या लोकांनी हेवा करावा असा हा वारसा आहे.

आणि गाणे जपण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला कोणता? बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१). असोद्याची ही लेक निरक्षर. जात्यावर, शेतात, चुलीपाशी ओव्या रचायची. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी त्या वेळोवेळी टिपून ठेवल्या. आईच्या मागे सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. २०१८ साली आपल्या विद्यापीठाला तिचे नाव मिळाले. विचार करा, ते कागद चुलीत गेले असते तर? शाळेतल्या मुलाने आईचे बोल वहीवर उतरवले, एवढ्यावर हे सारे उभे आहे.

पण बहिणाबाईंना सोपानदेव होते. बाकीच्यांना कोण आहे? भाद्रपदात पोरी घरोघर भुलाबाई मांडून गाणी म्हणतात. श्रावणात कानबाईपुढे रात्र जागते. आखाजीला झोक्यावर गाणी झडतात. वहीगायनाचे फड रंगतात. सातपुड्यात पावरी वाजते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तमाशाचे तंबू लागतात. लग्नाच्या वरातीत बँडवाले नव्या चित्रपटाची धून आठ दिवसांत बसवून दाखवतात. शिरपूर तालुक्यातले थाळनेर तर मंगेशकर कुटुंबाचे आजोळ. लताबाईंच्या मातोश्री तिथल्या. गाण्याच्या दृष्टीने एवढा श्रीमंत प्रदेश! पण पुण्या-मुंबईच्या मासिकांनी आपल्या बँडवाल्यावर परीक्षण लिहिले नाही. लिहिले असेल तर जिल्ह्याच्या एखाद्या साप्ताहिकाने, गावच्या बातमीत, चार ओळी. कॅसेटचा काळ आला तेव्हा अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी जत्रेत पाट्यांवर मांडून विकल्या गेल्या. त्यांची वेष्टने, त्यांवरची नावे, त्यांच्या जाहिराती आज कोणाकडे आहेत? गेल्या काही वर्षांत अहिराणी गाण्यांना मोबाइलवर लाखो ऐकणारे मिळाले, याचा आनंदच आहे. किती जणांनी ऐकले हा आकडा तिथे दिसतो. का आवडले, जुन्या माणसाला त्यात काय खटकले, मूळ चाल कोणाची, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते कोणीतरी लिहावे लागते आणि लिहिलेले ठेवावे लागते.

मग करायचे काय? हा प्रश्न मी मुख्यत्वे शिक्षकबंधू-भगिनींना आणि गावच्या वाचनालय चालवणाऱ्यांना विचारतो, कारण उत्तर त्यांच्या हातात आहे.

पहिले काम शोधण्याचे. प्रत्येक गावात एखादा तरी नादिष्ट माणूस असतो, ज्याने कात्रणांची वही केलेली असते. त्याच्या माघारी घर आवरायला निघाले, की ती वही किलोच्या भावाने जाते. तशी वेळ येण्याआधी शाळेतल्या मुलांना पाठवा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या, जुने दिवाळी अंक, जत्रेची हँडबिले, नाटकाच्या जाहिराती, कॅसेटची वेष्टने, सारे विचारा. मागायचे नाही, पाहायला मागायचे. वस्तू घरच्यांची, घरीच राहू द्या.

दुसरे काम छायाचित्र काढण्याचे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या स्वस्त लगद्याचा. त्यात आम्ल असते, म्हणून तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. त्याला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये दाबून घेऊ नका. त्याने नुकसानच होते. खिडकीशी, सरळ ऊन पडणार नाही अशा उजेडात, पान सपाट ठेवून मोबाइलने वरून चित्र घ्या. लेखाचेच नव्हे, पूर्ण पानाचे घ्या. शेजारच्या जाहिरातीत तिकिटाचा दर असतो, वरच्या कडेला तारीख असते. तारीख नसलेले कात्रण म्हणजे आडनाव नसलेले पत्र, पोचवायचे कुठे?

तिसरे काम नोंदीचे, आणि माझ्या मते हेच सर्वांत मोलाचे. एक वही घाला. पत्राचे नाव, गाव, तारीख, मथळा, लेखकाचे नाव किंवा टोपणनाव, विषय आणि कागद कोणाकडे आहे, एवढे सात रकाने पुरेत. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची वर्षानुवर्षे खपून केली, म्हणून आज आपण काय छापले गेले ते सांगू शकतो. पुस्तके हरवली तरी सूची सांगते, की असे काही होते. छापील मजकूर ओळखून तो शोधण्याजोगा करून देणारी यंत्रे आता देवनागरीही बऱ्यापैकी वाचतात. पण पुसट शाई, तुटलेला रफार आणि अहिराणी शब्द दिसला की ती अडखळतात. तिथे माणसाचाच डोळा हवा. नववीतल्या पोराला शुद्धलेखनाचा याहून चांगला धडा कोणता देणार?

कायद्याचेही भान ठेवावे. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लेखावर हक्क राहतो. टोपणनावाने छापलेला आणि लेखक कधीच उघड न झालेला मजकूर असेल तर प्रसिद्धीपासून साठ वर्षे. म्हणजे १९६० साली छापलेले असे लेखन २०२१ पासून सर्वांना मोकळे झाले. हक्क शिल्लक असलेले लेखन परवानगीशिवाय जगापुढे मांडू नये. नोंद मात्र कशाचीही करता येते. तिला कोणाची आडकाठी नाही. नियतकालिकांच्या मालकांनी मनावर घेतले तर बरेच होऊ शकते. साने गुरुजींनी सुरू केलेल्या ‘साधना’चे जुने अंक आज संगणकावर वाचायला मिळतात. आकाशवाणीच्या ‘दि इंडियन लिसनर’ या जुन्या कार्यक्रमपत्रिकेचे अंकही प्रसार भारतीने तसेच खुले केले आहेत. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण गायले, हे त्यांत पाहून घ्यावे. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने २००३ पासून मराठी गीतांचे शब्द आणि कवी-संगीतकार-गायकांची नावे जमवून ठेवली आहेत. गाण्यांविषयीच्या लेखनाचा असाच एक मराठी संग्रह व्हायला काय हरकत आहे?

शेवटी एक अवघड गोष्ट. या जुन्या कागदांत सगळेच गोड नाही. तमाशातल्या बायांविषयी, गाणे हे ज्यांच्या जातीचे पोटापाण्याचे काम होते त्यांच्याविषयी, कधी उपहासाने, कधी कुत्सितपणे लिहिलेले सापडेल. कोणी म्हणेल, असले कागद कशाला ठेवायचे? माझे मत असे, की तेही ठेवावेत. गाणाऱ्या बाईने रात्रभर लोकांना हसवले-रडवले आणि सकाळी त्याच लोकांनी तिला गावाबाहेर कसे लेखले, हे तिच्या गाण्याच्या इतिहासातून वगळले, तर आपण तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करू. फक्त वर्गात वाचून दाखवताना शिक्षकाने सांगावे, की हे एका माणसाचे मत आहे, निवाडा नव्हे. आणि शक्य असेल तर त्याच फडातल्या एखाद्या म्हाताऱ्या कलावंताला शाळेत मानाने बोलवावे, तिची बाजू तिच्याच तोंडून ऐकावी आणि मुलांनी ती तारीख घालून लिहून घ्यावी. जुने कात्रण जपण्याइतकेच नवे कात्रण लिहिणेही आपल्याकडे लागू आहे.

येत्या भाद्रपदात भुलाबाई बसतील. आपल्या शाळेच्या वहीचे पहिले पान तिथूनच सुरू करा. कोणत्या घरी, कोणत्या दिवशी, कोणी कोणती गाणी म्हटली आणि ऐकणाऱ्या आजीला काय वाटले, एवढेच लिहा. खाली लिहिणाऱ्याचे नाव आणि गावाचे नाव घालायला विसरू नका.